थंड इंजिनाला रेस

होसूर,
३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना जयभीम.

तुम्ही पत्र लिहायला सांगितलंत म्हणून लिहितेय. कागदावर तुमच्याविषयी मी याआधी एकदाच लिहिलं होतं, चौथीच्या निबंधात. 'माझे बाबा टॅक्सी चालवतात. त्यांना गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते कळतं.' बाईंनी दहापैकी नऊ दिले होते आणि आईने तो कागद डाळीच्या डब्याखाली जपून ठेवला होता.

आई गेल्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी फोन केला की तुम्ही 'हां, हां, बरं आहे, ठेव आता' म्हणता आणि ठेवता. ऑगस्टमध्ये मी विचारलं, जेवलात का, तर म्हणालात, 'हो, पाऊस आहे.' म्हणजे माझं ऐकायचंसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या सुचित्राताईंचा फोन आला, 'दौलतकाका म्हणतात, फोन नको, पत्र लिही.' मी फोनवर हसले आणि नंतर रडले.

मला कळतं बाबा. मी वेळेत पोचले नाही. घोडपदेवच्या जिन्यात चपलांचा ढीग होता, सगळी माणसं होती, फक्त आई नव्हती. तुम्ही थांबला नाहीत माझ्यासाठी. थांबायला हवं होतं असं मी म्हणत नाही, पण त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी सरळ बोललेला नाहीत. तुमचं काय, ती पडली तेव्हा तुम्ही खाली गाडी पुसत होतात, ते कुणाच्या हातात असतं? मी मात्र हजार किलोमीटर लांब नोकरी घेतली. राग असेल तर तसं लिहा. पत्रात तर लिहाल?

गाडी चालवता ना? इकडे नोकरीला येताना मी माझी गाडी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवून आलेय. उभी ठेवू नका.

तुमची,
संघमित्रा


घोडपदेव,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. संघू,
जयभीम आणि खूप आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने दोनदा विचारलं, दौलत जाधव तुम्हीच ना? एवढ्या वर्षांत माझ्या नावाला बिलाशिवाय काही आलं नव्हतं, त्याला तरी कसा विश्वास बसणार.

राग कसला? येडी का काय तू. फोनवरचं बोलणं ठेवला की संपतं. पत्र उशीखाली ठेवता येतं, परत काढून वाचता येतं. तो चपटा फोन माझ्याच्याने होत नाही, एक अक्षर दाबावं तर शेजारची तीन उमटतात. म्हणून पत्र, बाकी काही नाही.

तब्येत उत्तम. सकाळी वरणभात लावतो, तोच संध्याकाळी खातो. सुचित्रा भाजीची वाटी देते, नको म्हटलं तरी देते. हल्ली जरा जास्तच देते.

गाडी रोज चालवतो. पाचच्या सुमाराला काढतो, शिवडीला जेट्टीकडे नेतो, पाणी बघतो, परत आणतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, पाणी बघायला पेट्रोल जाळतात, नळाला येतं ते काय वेगळं असतं? तिची बाजूची सीट मी मागेपुढे केलेली नाही.

एक सांगायचं होतं. क्लच प्लेट गेली. ऑइलही जरा खाते. दत्ताराम मेस्त्रीकडे नेली तर म्हणतो, "काय रे दौलत, गाडी चालवतंस काय रणगाडो?" मालवणी माणूस, तोंडाला लगाम नाही. मी म्हटलं, हल्लीच्या गाड्याच पापडासारख्या. माझी काळीपिवळी चौतीस वर्षांत दोनदा उघडली, तेही दुसऱ्याने ठोकली म्हणून.

तू जेवत जा. तिकडे सगळ्यात चिंच घालतात म्हणे.

तुझा,
बाबा


होसूर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा, जयभीम.

क्लच प्लेट? सेहेचाळीस हजार किलोमीटरला? तुमच्या हातात? मी पत्र डब्यासोबत कंपनीत नेलं आणि जेवताना परत वाचलं. बाजूचा विचारतो, घरून वाईट बातमी आहे का.

बाबा, मी दिवसभर इथे करते तरी काय, ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. एका खोलीत इंजिन बांधून ठेवतो. त्याला गाडी नाही, चाकं नाहीत. ते रात्रभर थंड होऊ देतो, सकाळी सुरू करतो आणि सुरू होताक्षणी मिनिटाला चार हजार फेऱ्यांची रेस देतो. परत थंड, परत रेस. असं शेकडो वेळा. मग उघडून बघतो, किती झिजलं. थंडीत खोबरेल कसं बाटलीतून निघत नाही, तसं थंड ऑइल लगेच वरपर्यंत पोचत नाही. तेवढ्या काही क्षणांत धातूवर धातू घासतो. गाडी सुरू केल्याबरोबर जो रेस देतो, तो एका सकाळीत कित्येक किलोमीटरची झीज करतो. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच ताणत नेली, क्लचवर पाय ठेवून नेली, की क्लच जळतो, पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन ऑइल खातं.

आणि हे सगळं मी कुठे शिकले? कॉलेजात नाही. वडाळ्याच्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. तुम्ही टॅक्सीत मला शेजारी बसवायचात आणि म्हणायचात, 'डोळे मीट. आता गिअर कधी टाकायचा ते कानाने सांग.' मी 'आत्ता' म्हटलं की तुम्ही टाकायचात. चुकले तर गाडी कण्हायची आणि तुम्ही म्हणायचात, 'बघ, दुखलं तिला.' झोपेतून उठलेल्या माणसाला कुणी लगेच पळायला लावतं का, हे तुमचंच वाक्य. मी ते माझ्या हाताखालच्या मुलांना तमिळ-इंग्रजीत ऐकवते.

तेव्हा खरं सांगा. गाडी कोण चालवतंय?

तुमची,
संघू


घोडपदेव,
९ डिसेंबर २०२४

चि. संघू, जयभीम.

तुझं पत्र म्हणजे चार्जशीटच. बरं, ऐक. मधे पंधरा दिवस गाडी दीपकला दिली होती, तळमजल्यावरच्या. त्याला कुठे कुठे जायचं होतं. आता पोरांच्या हातात गाडी गेली की काय होतं ते तुला माहीत आहे. त्याला काही बोलू नकोस, चाळीत राहायचंय मला.

सहा तारखेला दादरला जाऊन आलो. दरवर्षी तुझी आई आणि मी पाण्याच्या स्टॉलवर उभे राहायचो ते तुला माहीत आहे. यंदा एकटा उभा राहिलो. लांबून आलेली माणसं पाणी पितात आणि रस्ता विचारतात. तुझी आई विचारणाऱ्याचं ऐकून घ्यायची, माझ्याकडे वळायची, मी रस्ता सांगायचो. टॅक्सीवाल्याला रस्ते पाठ, तिला माणसं पाठ, असं आमचं चालायचं. यंदा एक म्हातारी आली, अंगावर पांढरं लुगडं, पायात चप्पल नाही. तिने काहीतरी विचारलं. मी तिला हात करून स्टेशनचा रस्ता सांगितला. ती गेली. मग कार्यकर्ती पोरगी मला म्हणाली, काका, आजी जेवण कुठे मिळतं ते विचारत होत्या. मी पळत गेलो, पण त्या गर्दीत कुठे सापडणार. दिवसभर ते डोक्यात राहिलं.

गर्दी फार होती, दुसरं काही नाही.

गाडी आता बरी आहे. थोडा निळा धूर मारते.

बाबा


होसूर,
२१ डिसेंबर २०२४

बाबा,

दीपकला फोन केला. तुम्ही नको म्हणालात तरी केला. त्याला गाडी चालवता येत नाही. त्याने लायसनच काढलेलं नाही. उलट तो मला विचारत होता, 'काकांना सांग ना ताई, एवढी रेस का देतात? सुरू केली की अख्खी चाळ हादरते. परवा आमचं बाळ दचकून उठलं.'

म्हणजे तुम्हीच. जो माणूस टॅक्सी बंद करताना बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा, तो माझी गाडी थंड असताना रेस देतो, दुसऱ्या गिअरवर शिवडीपर्यंत ओरडवत नेतो, आणि मग माझ्याशी खोटं बोलतो.

एकच अर्थ निघतो यातून. मी खूप दिवस तो मनात येऊ दिला नाही. तुम्हाला ही गाडी नकोच होती. मी स्वतः राहायच्याऐवजी गाडी ठेवून गेले, हेच तुम्हाला लागलंय. माझ्यावर ओरडता येत नाही म्हणून तुम्ही तिला ओरडायला लावता.

असेल तर असो. विकून टाका. पण मला एकदा, एकदाच, तोंडावर सांगा की संघू, तू आईला सोडून गेलीस. ते ऐकणं या 'हां, हां, ठेव' पेक्षा बरं.

संघमित्रा


(पोस्टकार्ड)
घोडपदेव, २० जानेवारी २०२५

चि. संघू, जयभीम. तुझं पत्र मिळून महिना होत आला, लिहायला बसतो आणि उठतो. तुझ्यावर राग नाही. शपथ घ्यायची पद्धत आपल्यात नाही, नाहीतर तुझ्या आईची घेतली असती. गाडी बंद पडली. चावी फिरवली की नुसती कर्र होते, असं दत्ताराम म्हणतो. त्यानेच ढकलून नेली. गेले अकरा दिवस शिवडीला गेलो नाही. घरीच असतो. काळजी नसावी. बाबा.


होसूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मधे उठू नका.

पोस्टकार्ड मिळाल्यावर मी दत्तारामकाकांना फोन केला. त्यांनी इंजिन-गिअरबॉक्स वेगळं केलेलं होतं. म्हणाले, "क्लच कोणाचोय जळता, ऑइल कोणाचीय गाडी खाता. पण रिंगचे दात बघशीत तर उंदरान खाल्ल्यासारखे झाले आसत. चाळीस वर्षांत असा बघूक नाय."

मी फोन ठेवला. बाबा, रिंगचे दात म्हणजे काय ते तुम्हाला मी शिकवायला नको. चावी फिरवली की स्टार्टरचं छोटं चाक त्या दातांत अडकतं, इंजिनाला फिरवतं आणि इंजिन लागलं की बाजूला होतं. लागलेल्या इंजिनाला परत चावी मारली, तर ते चाक फिरत्या दातांवर घासतं. असा आवाज होतो की रस्त्यावरचा माणूस कानावर हात ठेवतो. नवशिकासुद्धा ही चूक एकदाच करतो.

दात संपेपर्यंत ती चूक कोण करेल? ज्याला इंजिन लागलंय हेच कळत नाही तो. आणि ज्याला तो कर्र आवाजही कळत नाही तो.

मग मला बाकीचं सगळं एकापाठोपाठ दिसायला लागलं. ही गाडी तुमच्या टॅक्सीसारखी थडथडत नाही. सुरू झाली तरी गप्प असते. म्हणून तुम्ही रेस देत होतात, पायाला आणि स्टिअरिंगला थरथर लागेपर्यंत. गिअर तुम्ही आयुष्यभर कानाने बदललेत. आता कान सांगतच नाही, म्हणून गाडी दुसऱ्यावरच राहते. 'जेवलात का', 'हो, पाऊस आहे'. दादरची ती आजी. फोन नको, पत्र लिही.

बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?

मी दहा-अकरा महिने समजत होते की तुम्ही माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला मी ऐकूच येत नव्हते. माझ्यासारखी इंजिनिअर, रोज झिजलेले भाग हातात घेऊन काय घडलं असेल ते सांगते, आणि स्वतःच्या बापाचं कळायला रिंगचे दात जावे लागले.

यात लाजण्यासारखं काय आहे? चौतीस वर्षं उघड्या काचेतून हॉर्न ऐकलेत. मशीन मिळतं कानाचं. मी मार्चमध्ये सुट्टी टाकते, आपण परळला डॉक्टरकडे जाऊ. गाडी चालवायची की नाही ते ते सांगतील. चालवायची असेल तर स्पीडच्या बाजूचा दुसरा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघायला शिका, जो तुम्ही कधीच बघत नाही. काटा शून्यावर नाही म्हणजे इंजिन चालू आहे, चावीला हात लावायचा नाही. दोन हजारांच्या वर जायला लागला की गिअर. मी कानाने शिकले, तुम्ही डोळ्यांनी शिका.

पण मला लपवायचं कारण काय होतं, एवढं लिहा.

तुमची,
संघू


घोडपदेव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. संघू,

तू म्हणालीस मधे उठू नका. नाही उठलो. आता तूही उठू नकोस.

ऐकू येत नाही हे खरं. डावा कान टॅक्सी सोडली तेव्हाच गेला होता. उजवा गेल्या दोन-अडीच वर्षांत गेला. तुझ्या आईला माहीत होतं. तिनेच सांभाळलं. दारावर कोणी आलं की ती माझ्या खांद्याला हात लावायची. कोणी काही विचारलं की तेच वाक्य ती परत माझ्याकडे तोंड करून म्हणायची, जणू तिलाच विचारायचंय. चाळीत कुणाला कळलं नाही. तुलाही नाही. तिला वाटायचं, माणसाचा मान जातो.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते.

त्या दुपारी मी खाली गाडी पुसत नव्हतो. मी वर होतो. गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होतो, दाराकडे पाठ करून. ती आत मोरीपाशी होती. माझ्या खुर्चीपासून ती जागा दहा पावलं. मी अख्खा पेपर वाचला, शब्दकोडंसुद्धा सोडवलं. मग चहा का आला नाही म्हणून आत गेलो.

मी ओरडलो तशी भिंतीपलीकडून सुचित्रा धावत आली. ती म्हणाली, 'काका, काकू तुम्हाला हाका मारत होत्या. अहो, अहो, म्हणून. तीन-चारदा. मला वाटलं तुम्ही आहात घरात.' हे तिने माझ्या कानाशी रडत रडत सांगितलं म्हणून मला कळलं. आणि माझ्या तोंडून निघालं, मी खाली होतो. गाडी पुसत होतो.

एकदा बोललो ते बोललो. मग सगळ्यांना तेच सांगितलं. तुलाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, लगेच आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. पण लगेच आणलं नाही हे मला माहीत आहे ना. तुझ्या आईने मरताना मला हाक मारली आणि मी उभे-आडवे शब्द भरत बसलो होतो. ऐकू येत नाही हे कबूल केलं तर पुढचा प्रश्न तू विचारणारच, बाबा, तुम्ही खरंच खाली होता का? म्हणून फोन नको. म्हणून डॉक्टर नको.

सुचित्राला वाटतं, तिने उठायला हवं होतं. म्हणून ती मला भाजी देते. वर्ष होईल आता. मी ती खातो. काय माणूस आहे मी बघ.

गाडीत बसलो की रेस द्यायचो, खरं आहे. पायातून वर थरथर यायची. तेवढी वीस मिनिटं काहीतरी माझ्याशी बोलतंय असं वाटायचं. तिला दुखत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुला शिकवलं ते मीच विसरलो.

तू ये किंवा येऊ नकोस. आलीस तर मला बोल, जे बोलायचं ते. मी तुझ्या तोंडाकडे बघेन, मला कळेल.

दौलत


होसूर,
१ मार्च २०२५

बाबा,

मी दहा दिवस उत्तर लिहिलं नाही. मला राग आला होता. ऐकू आलं नाही याचा नाही, खोटं बोललात याचा, आणि सुचित्राताईंना वर्षभर तसंच ठेवलंत याचा जास्त. तो राग अजून थोडा आहे. येईन तेव्हा घेऊन येईन.

पण आज मला दुसरंच लिहायचंय. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी आईने मला फोन केला होता. मी टेस्टच्या खोलीत होते, कानावर ते मोठे हेडफोनसारखे आवाज बंद करणारे गोळे लावून. बाहेर आल्यावर मिस्ड कॉल बघितला आणि मनात म्हटलं, संध्याकाळी करते. तिला काय सांगायचं होतं मला माहीत नाही. छातीत दुखतंय म्हणायचं असेल. नाहीतर लोणच्याची बरणी पोचली का, एवढंच असेल. तो नंबर अजून माझ्या फोनमध्ये लाल अक्षरात आहे, मी तो पुसत नाही.

मीसुद्धा हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा.

आठ तारखेला सकाळी येते. दहा दिवस राहणार. सुचित्राताईंना मी यायच्या आधी सांगा. ते तुमचं तुम्हीच करायचं.

संघू


घोडपदेव,
६ एप्रिल २०२५

चि. संघू, जयभीम.

तू गेल्याला वीस दिवस झाले. तू असताना जे राहून गेलं ते लिहितो.

सुचित्राला मी सांगितलं हे तुला माहीत आहे, पण काय झालं ते मी तुला सांगितलं नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं, दार लावलं आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही, भाजीही दिली नाही. मला ते बरं वाटलं. काल परत वाटी आली, कारल्याची. तिला माहीत आहे मला कारलं आवडत नाही. मी सगळं खाल्लं.

तू असताना घेतलेल्या मशीनचा आवाज परळच्या डॉक्टरने गेल्या आठवड्यात अजून थोडा वाढवून दिला. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, मशीन लावून, दिवसाउजेडी, आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं. दत्तारामने परवा गाडी दिली. नवी दातांची रिंग, पिस्टनच्या रिंगाही बदलल्या. चावी देताना म्हणाला, "आता तरी माणसासारखी चालव मरे." ऐकू आलं मला ते. पहिल्यांदा वाटलं, हे नसतं ऐकू आलं तरी चाललं असतं.

मग गाडीत बसलो. चावी फिरवली, एकदाच. पाय वर उचलून धरला, पेडलला लावलाच नाही. आणि ऐकलं. किती हळू बोलते गं ही! शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालावं तेवढाच आवाज. सव्वा वर्ष ती बोलत होती आणि मी तिच्यावर पाय देऊन उभा होतो. अर्धा मिनिट थांबलो, मग निघालो. काट्याकडे बघितलं थोडं, पण खरं सांगू, तिसरा गिअर मी कानानेच टाकला. बरोबर पडला. बाजूच्या सीटकडे बघून म्हटलं, 'दुखलं नाही.'

शिवडीला पक्षी अजून आहेत. ते आवाज करतात हे मला माहीतच नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. ती तुला सांगायची की नाही याचा चार दिवस विचार केला. आपल्यात आता लपवायचं नाही असं ठरलंय, म्हणून सांगतो. वाढवलेलं मशीन लावून डॉक्टरकडून घरी आलो, दार उघडलं, आणि घरात काहीच आवाज नाही. दोन वर्षं मला आवाज येत नव्हता, तेव्हा वाटायचं की आवाज आहे, मलाच येत नाही. ती आत भांडी लावत असेल, गुणगुणत असेल, माझे कान गेलेत एवढंच. ती गेल्यावरसुद्धा तसंच वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कान आले आणि कळलं की आत कोणी नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे आता, पण हाक मारणारं कोणी नाही.

म्हणून लिहितो. पत्रं लिहीतच राहा, ती उशीखाली लागतात मला. पण रविवारी अकरा वाजता फोनही कर. घरात मी एकट्याने बोललो की भिंतीवरून माझाच आवाज परत येतो, तो अजून सवयीचा नाही. म्हणून मी खाली गाडीत बसून राहीन, काचा वर करून. हळू बोललीस तरी चालेल.

इंजिन बंद ठेवेन.

तुझा,
बाबा